बहादरपूरची हरवलेली नोंद

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आपल्या मंडळाचा संगणक बंद पडला. बटण दाबले की निळा पडदा येई, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि पुन्हा तोच निळा पडदा. वर्गणीदारांची सगळी यादी त्यात होती. घराचे पत्ते, फोन, कोणत्या वर्षी किती वर्गणी, कोणत्या दिवशी कोणाकडे आरतीचा मान, कोणाच्या स्मरणार्थ कोणते बक्षीस, सगळे तिथेच. दुसरी प्रत कोठेही नव्हती. ती काढून ठेवण्याचे काम माझ्याकडे होते आणि ते मी दर वेळी पुढच्या रविवारवर ढकलत आलो होतो. एका दुकानात यंत्र दाखवले, तर फॉरमॅट मारावा लागेल, आतले काही राहणार नाही, असे उत्तर मिळाले. कार्यकारिणीला हे सांगायचे कसे, या विवंचनेत मी दोन रात्री काढल्या.

मंडळातल्याच एका घरचा मुलगा सणाला इंदूरहून आला होता. तो संगणकाच्याच नोकरीत आहे. त्याने यंत्र पाहिले आणि म्हणाला, "काका, विंडोज बसलंय. यादी कुठं गेलेली नाही. फक्त आता यात नवीन काही टाकू नका, आणि कोणाला फॉरमॅट करू देऊ नका." मग त्याने समजावून सांगितले ते असे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभारी. कारभारी आडवा झाला म्हणून कोठारातले धान्य नाहीसे होत नाही. पण त्या गोंधळात कोठारावर नवा माल ओतला, तर जुना कायमचा दबतो.

त्याने डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. यादीची फाइल सापडली, पण उघडेना. ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती लिहिली होती, तोच प्रोग्रॅम, त्याच आवृत्तीचा, शोधून बसवावा लागला. मग यादी दिसली, पण शेवटचा भाग खराब निघाला. नोंद लिहिली जात असतानाच यंत्र बंद पडले होते. त्या दोन वर्षांच्या नोंदी आम्ही पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींवरून, जुन्या स्मरणिकांतल्या देणगीदारांच्या यादीवरून आणि ज्येष्ठ मंडळींना फोन करून भरल्या. एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याकडून तपासून घेतली. चार दिवस लागले.

त्या चार दिवसांत मला सारखे आठवत होते ते बहादरपूर. बुऱ्हाणपूरपासून हाकेच्या अंतरावरचे हे गाव. नाव काढले की आज पुष्कळांना सूतगिरणीच आठवते. पण मराठ्यांच्या इतिहासात या गावाची एक मोठी नोंद आहे, आणि गंमत अशी की ती नोंद आपल्या घरच्या दफ्तरातली नाही. आपले दफ्तर बुडाले. आज जे हाती आहे ते दुसऱ्यांच्या कागदांतून वेचून आणलेले आहे. ते कसे वेचले गेले, हीच या लेखाची गोष्ट आहे.

तीन दिवस

जानेवारी 1681. शिवाजी महाराजांना जाऊन वर्ष पुरे झाले नव्हते. रायगडावर संभाजीराजांचा राज्याभिषेक होऊन पंधरवडा उलटला होता. बुऱ्हाणपूर त्या वेळी मोगलांच्या दक्षिणेच्या कारभाराचे जुने आणि श्रीमंत शहर होते. सुरतेकडून उत्तरेत जाणारा व्यापार इथून जाई. तटाच्या आत शहर आणि तटाबाहेर पुरे अशी वस्ती होती. या पुऱ्यांत बहादरपूर सर्वांत संपन्न. सराफ, सावकार, व्यापारी यांची ती पेठ. सुभेदार खानजहान औरंगाबादेकडे होता आणि शहर सांभाळायला नायब काकरखान तुटपुंज्या फौजेनिशी मागे राहिला होता.

जानेवारीच्या अखेरीस मराठ्यांची फौज अचानक बहादरपुरावर येऊन थडकली. कोणाला काही सावरायला वेळच मिळाला नाही. बहादरपूर आणि आसपासचे सतरा पुरे लुटले गेले, जाळले गेले. काकरखानाने तटावरून धूर पाहिला, दरवाजे लावून घेतले आणि शहर राखले. तीन दिवस लूट चालली. जमिनीत पुरून ठेवलेले धन निघाले. त्यातले काही तर असे की ज्याचा घरमालकालाही पत्ता नव्हता. सोने, रुपे, जवाहीर घेऊन फौज निघून गेली आणि जड माल बाजारात तसाच पडून राहिला. खानजहान औरंगाबादेहून दौडत निघाला, पण फर्दापूरच्या घाटाशी काही प्रहर थांबला. त्याला पैसे पोचले म्हणून तो थांबला, अशी त्या वेळी बोलवा होती.

पुढे बुऱ्हाणपूरच्या प्रतिष्ठितांनी औरंगजेबाकडे तक्रार पाठवली. जीवित, वित्त, अब्रू सुरक्षित नसेल तर जुम्म्याची सार्वजनिक नमाज बंद होईल, असा तिचा सूर होता. त्याच वर्षी शहजादा अकबर बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला गेला आणि नोव्हेंबर 1681 मध्ये बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन उतरला. तिथून तो दक्षिणेत गेला तो परत उत्तरेत गेलाच नाही.

हे सगळे आपल्याला मुख्यतः सांगतो तो खाफीखान. तो मोगलांच्या बाजूचा, फारसीत लिहिणारा इतिहासकार. त्याने आपला ग्रंथ लिहिला तो या घटनेनंतर सुमारे अर्ध्या शतकाने. मराठ्यांबद्दल त्याला ममता नव्हती. म्हणजे आपल्या इतिहासातल्या एका गाजलेल्या स्वारीचा तपशील आपण विरोधकाच्या वहीतून वाचतो.

याने काय बिघडते? एकच उदाहरण देतो. या फौजेबरोबर संभाजीराजे स्वतः होते काय? खाफीखान म्हणतो, होते. पुष्कळ इतिहासकार मोहिमेचे नेतृत्व सरनोबत हंबीरराव मोहित्यांकडे देतात. यावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. रायगडावरची रोजनिशी हाती असती, तर एका ओळीत निकाल लागला असता.

रायगडावरचे दफ्तर

अशी रोजनिशी ठेवण्याची पद्धत होती, हे आपल्याला ठाऊक आहे. अष्टप्रधानांची कामे आठवून पाहावी. अमात्याकडे जमाखर्च. सचिव म्हणजे सुरनीस, त्याच्याकडे पत्रव्यवहार आणि त्याची तपासणी. मंत्री म्हणजे वाकनीस, त्याच्याकडे राजाच्या रोजच्या घडामोडींची नोंद. त्यांच्या हाताखाली चिटणीस, फडणीस आणि कारकुनांचा फड. राज्य तलवारीवर मिळवले असले तरी ते चालत होते लेखणीवर. बहादरपूरच्या लुटीचा हिशेब, कोणते सरदार गेले, कोण कामास आले, कोणाला बक्षीस मिळाले, हे त्या फडात लिहिले गेले नसेल असे मानायला जागा नाही.

मार्च 1689 मध्ये संभाजीराजांचा वध झाला. एप्रिलमध्ये राजाराम महाराज रायगडावरून बाहेर पडले आणि पुढे जिंजीला गेले. नोव्हेंबरात रायगड मोगलांच्या हाती पडला. महाराणी येसूबाई आणि लहान शाहू कैद झाले. शाहू सुटले 1707 मध्ये आणि येसूबाई परत आल्या 1719 मध्ये. त्या पाडावात रायगडावरचे मध्यवर्ती दफ्तर नष्ट झाले असे इतिहासकार मानतात. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली आणि उरलेसुरले वाडेही भस्म झाले.

आमच्या संगणकात कारभारी बसला होता, पण कोठार शाबूत होते. रायगडावर दोन्ही एकदम गेले. शिवाजी महाराजांच्या आणि संभाजीराजांच्या राज्याची मूळ यादी ज्या एका जागी होती, ती जागाच उरली नाही. गड अभेद्य म्हणून सगळे गडावर ठेवले होते. अभेद्य जागेचा दोष हाच, की ती पडली म्हणजे सगळे एकदम पडते.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या शहराच्या मधोमध उभे आहे. जामा मशिदीत आदिलशहा फारुकीच्या काळचा शिलालेख आहे. त्यात अरबीबरोबर संस्कृत मजकूरही कोरलेला आहे. विक्रम संवत 1646, शके 1511 असा काळ त्यात दिला आहे आणि फारुकी घराण्याची वंशावळही दिली आहे. बारा वर्षांच्या आत, 1601 मध्ये, अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. राज्य गेले, पण वंशावळ त्याच भिंतीवर राहिली. ज्या अकबराने ते राज्य घेतले, त्याच्याही विजयाचा लेख त्याच मशिदीत आहे. दोन भाषा, वेगवेगळ्या कालगणना आणि माणसांच्या रोजच्या वावरातली जागा. नोंद टिकवायची ही एक रीत आहे.

धामधुमीनंतरचे महजर

रायगड गेल्यावर राज्य मात्र संपले नाही. राजाराम महाराज जिंजीला, इकडे रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण सचिव लढाई चालवीत होते. त्याच वेळी एक कमी प्रसिद्ध काम सुरू होते. गावोगावचे पाटील, देशमुख, देशपांडे, जोशी, मठ, देवस्थाने यांच्याकडची वतनपत्रे आणि सनदा जळल्या होत्या, लुटल्या गेल्या होत्या, पळापळीत हरवल्या होत्या. त्या काळच्या कागदांत यासाठी 'धामधूम' हा शब्द वारंवार येतो. कागद गेला म्हणजे हक्क गेला. म्हणून लोक नव्या सनदा मागायला येत.

कारभाऱ्यांनी काय करावे? मूळ दफ्तर नाही, मागणाऱ्याचा कागद नाही. मग महजर होई. गोत जमवायचे, म्हणजे त्या गावचे आणि आसपासच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार. म्हाताऱ्यांना विचारायचे, हे वतन कोणाचे, किती पिढ्या चालले, मान कोणाचा आधी, शेताची शीव कुठून कुठे. ज्याची सांगणी पटेल ते लिहायचे आणि खाली सगळ्यांनी आपली निशाणी करायची. ज्याला अक्षर येत नाही, त्याच्या धंद्याचे हत्यार हीच सही. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. कुलकर्ण्याची लेखणी-दौत असायचीच. साक्षींनी निकाल लागेना तर दिव्य करण्यापर्यंत पाळी येई.

मला या महजरांचे फार अप्रूप वाटते. मोडलेली यादी माणसांच्या आठवणीतून पुन्हा उभी करण्याचा तो सरकारमान्य मार्ग होता. त्यात खोटे घुसत नव्हते असे नाही. धामधुमीचा फायदा घेऊन दुसऱ्याचे वतन आपल्या नावावर करू पाहणारे तेव्हाही होते. वतनाचे तंटे पिढ्यान् पिढ्या चालले ते उगाच नाही. म्हणून तर एकाचे बोलणे पुरत नसे, गोत लागे. एका आठवणीची किंमत थोडी. पण जिचे एकमेकांशी पटत नाही अशी दहा माणसे एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती लिहून ठेवण्यासारखी असते.

आपल्या वारकऱ्यांना हे नवे सांगायला नको. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, ही कथा घरोघर सांगतात. वह्या तरल्या हा श्रद्धेचा भाग. पण अभंग लोकांच्या तोंडी होते आणि संताजी जगनाड्यांसारख्यांच्या हातच्या वह्यांत होते, म्हणून ते पुढच्या पिढ्यांना मिळाले, हे सांगायला श्रद्धाही नको.

बस्ते उघडणारी माणसे

दुसरी मोठी शोधाशोध झाली ती इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तोवर मराठ्यांचा इतिहास म्हणजे बखरी आणि ग्रँट डफचा ग्रंथ. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्यात पानिपताच्या आधीच्या काळातली अस्सल पत्रे होती. कोणत्याही सरकारी कचेरीतून नव्हे, लोकांच्या घरांतून मिळालेली. पुढे असे एकूण बावीस खंड निघाले. राजवाडे गावोगाव पायी हिंडत. माळ्यावरची बासने, देवघरामागच्या पेट्या, वाळवीने खाल्लेले रुमाल उघडून पाहत. कित्येक ठिकाणी कागद वाण्याकडे रद्दीत गेलेले असत. कित्येक ठिकाणी वतनाचा दावा कोणी लावील या भीतीने मालक पेटीला हात लावू देत नसत. 7 जुलै 1910 रोजी त्यांनी आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळ्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. 1926 च्या शेवटच्या दिवशी राजवाडे धुळ्याला वारले आणि त्यांच्या मागे तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. धुळे म्हणजे आपल्या शेजारचेच खानदेश.

या शोधाने काय मिळाले, हे एका तिथीवरून सांगतो. शिवाजी महाराजांचा जन्म शके 1549 मध्ये झाला असे पूर्वी मानत. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली निघाली. सालवार घटनांची जंत्रीच ती. लोकमान्य टिळकांनी ती अभ्यासली आणि 1916 मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्मतिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. एका घरची वही खरी मानायची की चालत आलेली समजूत? वाद पेटला. पुढे दूर जोधपुरात जन्मकुंडल्यांचा एक जुना संग्रह मिळाला आणि त्यात महाराजांची कुंडली निघाली. तीही शके 1551 चीच. कारीचे जेधे आणि मारवाडातला ज्योतिषी यांनी एकमेकांचे पाहून लिहिण्याचा संभव नव्हता. दोन अनोळखी वह्या जुळल्या. 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख मान्य केली. रायगडावर जी नोंद नक्की होती आणि जळाली, ती अशी तीन शतकांनी दोन पेट्यांतून परत आली.

आणखी एक उदाहरण आपल्या तापीकाठचे. मोहना आणि तापीच्या संगमाजवळ राजाची छत्री आहे, ती मिर्झाराजे जयसिंगांची. 1665 मध्ये पुरंदरचा तह करणारे जयसिंग 1667 मध्ये बुऱ्हाणपुरात वारले. त्यांनी दक्षिणेतून बादशहाला आणि सरदारांना पाठवलेली पत्रे लिहीत असे त्यांचा मुनशी उदयराज. त्याच्याकडचे मसुदे पुढे त्याच्या मुलाने 'हफ्त अंजुमन' नावाने एकत्र केले. त्याची हस्तलिखित प्रत जदुनाथ सरकारांना काशीत मिळाली आणि शिवाजी महाराजांच्या आग्रा प्रकरणाच्या आधीचा काळ उजळला. पाठवलेले पत्र नाहीसे झाले, तरी लिहिणाऱ्याने आपल्यापाशी ठेवलेली नक्कल उरली. सुरतेचे इंग्रज वखारवाले तर विलायतेला एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवीत. एक बुडाले तर दुसरे पोचेल. त्या पत्रांचे उतारे 1931 मध्ये पुण्यात छापले गेले आणि शिवकालाच्या कितीतरी तारखा त्यांनी पक्क्या केल्या. आपल्याच बुऱ्हाणपुरात 1649 मध्ये जन्मलेल्या भीमसेन सक्सेनाने मोगलांच्या चाकरीत राहून 'तारीखे दिलकशा' लिहिली. तिच्यात दख्खनच्या लढायांचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन आहे.

या सगळ्यांनी मिळून हरवलेले दफ्तर पुरते परत दिले का? नाही. परत आले ते तुकड्यातुकड्यांनी, आणि ज्याने जे जपले तेच आले. मोगलांनी मोगलांचे लिहिले, इंग्रजांनी बाजारभावाचे आणि धोक्याचे लिहिले, जेध्यांनी जेध्यांचे लिहिले. कोणीच जपले नाही ते गेले.

ज्यांची वही परत आली नाही

बहादरपूरच्या बाबतीत एक गोष्ट आपण टाळतो. 1681 च्या स्वारीची गोष्ट आपल्या घरांत अभिमानाने सांगतात, मीही लहानपणी तशीच ऐकली. बलाढ्य मोगलांच्या नाकाखालून संपत्ती नेली, याचे कौतुक वाटणे साहजिक आहे. सुरतेच्या लुटीप्रमाणेच ही मोहीमही राज्याच्या लढाईचा भाग होती. पण खाफीखान आणखी एक गोष्ट लिहितो. त्या पुऱ्यांतल्या काही इभ्रतदार माणसांनी आपल्या बायकांना आपल्याच हातांनी मारले आणि मग लढत मेले. तो विरोधक आहे, तिखटमीठ लावतो, असे म्हणून हे पान आपण उलटू शकतो. पण सराफांची धनवान पेठ होती हे त्याचेच वाक्य खरे धरायचे आणि पुढचे खोटे, हे शोधकाला शोभणारे नाही.

त्या सराफांच्याही चोपड्या होत्या. देणे-घेणे, हुंड्या, गिऱ्हाइकांची नावे. त्या इतिहासाच्या उजेडात आल्या नाहीत. एक घर दुसऱ्याला किती देणे लागत होते, कोणाची ठेव कोणाकडे होती, हे त्या तीन दिवसांनंतर कोण सांगू शकले असेल? गंमत नव्हे, पण योगायोग पाहा. याच मराठी राज्याच्या पुढच्या काळातल्या 'आज्ञापत्रा'त सावकार हे राज्याचे भूषण आहेत, त्यांना जपावे, असा उपदेश केला आहे.

आज आपण बुऱ्हाणपूरचे रहिवासी आहोत. ज्यांनी लुटले ते आपल्या भाषेचे आणि जे लुटले गेले ते आपल्या गावचे. दोघांच्याही वह्या गेल्या. दोघांचीही आठवण ठेवणे हे आपले काम आहे, कारण या दोन्ही बाजूंशी नाते सांगणारी घरे इथेच आहेत.

आपल्या पेट्या

1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले आणि 1860 च्या सुमारास इंग्रजी अमलात दाखल झाले. म्हणजे शंभर वर्षे इथे मराठी कारभार होता. आपल्यातली कित्येक घरे त्याच काळात कारकुनी, शिबंदी, भिक्षुकी, व्यापार यांच्या निमित्ताने आली. बाकीची पुढे रेल्वे, शाळा, कचेऱ्या आणि गिरण्या यांच्याबरोबर. जुन्या घरांत अजून पेट्या आहेत. त्यात इनामाचे कागद, गहाणखते, घरखर्चाच्या वह्या, लग्नाच्या याद्या, आजोबांची पत्रे. यातले बरेचसे मोडीत आहे.

माझ्याच घरी असा एक रुमाल आहे. वडील त्याला दसऱ्याला हळदकुंकू वाहत. मीही वाहतो. त्यात काय लिहिले आहे, हे त्यांना थोडेफार ठाऊक होते, मला अजिबात नाही. आमच्या यादीची फाइल सापडली पण प्रोग्रॅम नव्हता, तेव्हा मला तो रुमाल आठवला. कागद शाबूत आहे, अक्षर शाबूत आहे, वाचणारा गेला. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत घरातूनही गेली. 2014 मध्ये युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली, म्हणजे संगणकाला आता ती अक्षरे ठाऊक आहेत. पुण्या-मुंबईत मोडीचे वर्ग चालतात. पण आपल्या पेटीतले कागद वाचायला आपल्यातलेच कोणी शिकले नाही, तर हळदकुंकू वाहून ते टिकणार नाहीत.

त्या मुलाने मला सांगितलेले तीन नियम मी राजवाड्यांच्या कामाशी ताडून पाहिले. ते तंतोतंत जुळतात. पहिला, बिघडलेल्या गोष्टीवर नवे काही लिहू नका. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, उन्हात वाळवू नका, नीटनेटका दिसावा म्हणून त्यातले फाटके तुकडे टाकून देऊ नका. दुसरा, वाचणारा शोधा. आणि तिसरा, एकाच्या सांगण्यावर विसंबू नका, दुसऱ्याच्या वहीशी ताडून पाहा.

चौथा नियम माझा, आणि तो अनुभवाने महाग पडून शिकलेला. सगळे एका जागी ठेवू नका, मग ती जागा रायगड का असेना. मंडळाची यादी आता तीन ठिकाणी आहे. एक प्रत मंडळाच्या संगणकात, एक पेन ड्राइव्हवर खजिनदारांच्या घरी आणि एक कागदावर छापून माझ्या कपाटात. दर महिन्याच्या संकष्टीला ती ताजी होते. रविवारवर ढकलणे बंद झाले आहे.

आणि ही स्मरणिका? यादीतली दोन वर्षे भरताना आमच्या कामी आल्या त्या जुन्या स्मरणिकाच. शेवटच्या पानांवरच्या देणगीदारांच्या नावांकडे आजवर कोणी दोनदा पाहिले नव्हते. छपाईचा खर्च वाढतो म्हणून ती पाने गाळावीत, असा ठराव आमच्याच सभेत येऊन गेला होता. मीच तो मांडला होता. शेकडो घरांत गेलेली ती पाने म्हणजे आमचे गोत निघाले. ठराव मी परत घेतला आहे.

म्हणून एक विनंती. यंदाच्या दहा दिवसांत ज्यांच्याकडे जुने कागद असतील, त्यांनी ते मंडपात आणावेत. कागद मंडळाला द्यायचे नाहीत, फक्त टेबलावर ठेवायचे. दोन तरुण मुले मोबाइलवर त्यांचे नीट फोटो घेतील, एक प्रत तुम्हाला देतील, एक मंडळ ठेवील. कागद घरी घेऊन जावा. पुढे कोणी मोडी शिकेल, कोणी धुळ्याला किंवा पुण्याला जाऊन जाणकारांना दाखवील. कदाचित त्यातून एखादे गहाणखत निघेल, एखाद्या पुऱ्याचे विसरलेले नाव निघेल. कदाचित नुसता हळदीचा आणि खोबऱ्याचा भाव निघेल. तोही चालेल.

व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, अशी आपली कथा आहे. त्या लेखनिकाच्या मंडपात निदान आपल्या पेट्या उघडाव्यात. माझा रुमाल मी पहिल्या दिवशी घेऊन येतो.